गाण्यातली मोकळी जागा

धुळे शहरात कागद जपणारी दोन मोठी ठिकाणे आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली गेले. त्यांच्या मागे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेली दप्तरे तिथे सांभाळली गेली. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडे श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. तिसरी आठवण आहे तुरुंगाची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. बोललेला शब्द कागदावर उतरला म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. अशा या शहरात आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि एक प्रश्न बरीच वर्षे आमचा पिच्छा सोडत नाही. ज्यांना लिहून घेणारा कोणी मिळाला नाही, त्या आवाजांचे काय झाले?

येथे आवाज म्हणजे सभेतला किंवा मैफिलीतला आवाज आम्हाला अभिप्रेत नाही. विधीला बांधलेले गाणे अभिप्रेत आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. घरातल्या माणसांच्या हिशेबाने रोटांचे गहू मोजले जातात, रात्र जागवली जाते, अहिराणीतली गाणी होतात आणि सोमवारी कानबाईला निरोप दिला जातो. आमच्या घराच्या गच्चीवरून शेजारच्या अंगणातली ही गाणी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या स्वतःच्या घरात लग्नाआधी रतजगा व्हायचा. गुलगुले तळले जायचे, जात्यावर हळद दळली जायची, ढोलक मांडीखाली घेऊन आमच्या खाला आणि नानी पहाटेपर्यंत गायच्या. दोन घरे, दोन श्रद्धा. पण दोन्हीकडे गाणे त्या रात्रीचे होते आणि त्या घराचे होते. दुसऱ्या दिवशी ते कोणी सहज गुणगुणत नसे.

असे गाणे ध्वनिमुद्रित केले की काय वाचते आणि काय सुटते, याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मेणाच्या नळीत कोंडलेले गाणे

या प्रश्नाचा जगातला एक मोठा दाखला अमेरिकेतल्या लकोटा लोकांचा आहे. १८८३ साली अमेरिकी सरकारने आदिवासींचे धर्मविधी गुन्हा ठरवणारे नियम केले आणि त्यांत लकोटांचे सूर्यनृत्य बंद झाले. विधी बंद म्हणजे विधीचे गाणेही बंद. पुढे १९११ पासून फ्रान्सिस डेन्समोर नावाची एक संशोधक बाई स्टँडिंग रॉक येथे जाऊन म्हाताऱ्या गायकांची गाणी मेणाच्या नळ्यांवर भरून घेऊ लागली. रॉबर्ट हायईगल हा त्याच समाजातला माणूस तिचा दुभाषी होता. १९१८ साली तिचा ‘टेटन सू म्युझिक’ हा ग्रंथ निघाला. तो काढला अमेरिकी मानववंशशास्त्र विभागाने, म्हणजे पुन्हा सरकारनेच! एका हाताने गाणे बंद करायचे आणि दुसऱ्या हाताने ते नळीत भरून ठेवायचे, असा हा व्यवहार होता.

डेन्समोरबाईंचे श्रम मात्र नाकारता येणार नाहीत. आयुष्यभरात त्यांनी वेगवेगळ्या जमातींच्या दोन हजारांहून अधिक नळ्या भरल्या. त्या झिजत होत्या, त्यांना बुरशी लागत होती. १९७८ साली तिथे आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि १९७९ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या नळ्यांवरचे ध्वनी नव्या फितींवर उतरवून त्यांच्या प्रती त्या त्या जमातींना परत द्यायला सुरुवात केली. नातवाला आजोबाचा आवाज मिळाला. पण त्याबरोबर एक नवा प्रश्नही उभा राहिला: विधीचे गाणे कोणी ऐकावे, केव्हा ऐकावे, हे ठरवणार कोण? ग्रंथालय म्हणणार, ज्ञान सर्वांसाठी खुले असावे. जमातीतले जाणते म्हणणार, हे गाणे वाचनालयातल्या खुर्चीवर बसून ऐकण्याचे नव्हेच. आमच्या मते या वादात जाणत्यांची बाजू अधिक खोल आहे. तिचे कारण पुढे आमच्याच घरात सापडले.

आपल्याकडेही सरकारी कान आले होते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात आमची खानदेशी बोली भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलेली आहे. याच सर्वेक्षणाच्या निमित्ताने पुढे १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातल्या अनेक बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भरल्या गेल्या. नमुना म्हणून बहुतेक ठिकाणी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत वदवून घेतली जाई. तुलनेसाठी ते सोयीचे होते, हे खरे. पण परक्याची गोष्ट आपल्या बोलीत सांगणारा माणूस आणि आपल्या मुलीच्या हळदीला गाणारी बाई, या दोघांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लाखभर ओव्या आणि त्यांचे मोल

महाराष्ट्रात या दिशेने झालेले सर्वांत मोठे काम म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. पुण्याच्या त्यांच्या संस्थेने ग्रामीण बायांबरोबर काम करता करता १९८०च्या दशकापासून ओव्या लिहून घेतल्या. पुढे बर्नार बेल हे संगीतज्ञ आणि संगणकतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रण झाले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असा हा पसारा आहे. पॉइटेवीन २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. ध्वनिमुद्रणे १९८२ साली स्थापन झालेल्या आणि आता गुरुग्राम येथे असलेल्या लोकसंगीत-अभिलेखागारात ठेवली आहेत आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण अभिलेखागाराने त्या ओव्या पुन्हा लोकांपुढे आणल्या आहेत.

या संग्रहाचे मोल कशात आहे? आपले समीक्षक ओवीचे कौतुक करताना नेहमी ‘उत्कट’, ‘काव्यमय’ अशी विशेषणे लावतात आणि निवडक वीस-पंचवीस ओव्यांची आरती ओवाळतात. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांनी त्या भाऊ, बहीण, बाळ, संसार अशा विषयांनी लावल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने ग्रंथामागून ग्रंथ काढले. या थोर माणसांचे ऋण आम्ही मानतोच. गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक ज्यांच्या घरात आहे, त्यांना गुरुजी परके कसे वाटतील? तरीही म्हणावेसे वाटते की अशा पुस्तकांत ओवी मोठी झाली आणि गाणारी मागे राहिली.

राईरकर-पॉइटेवीन यांनी हे उलटे केले. त्यांच्याकडे ओवीबरोबर बाईचे नाव आहे, गाव आहे, जात आहे. एकच पहिली ओळ पन्नास गावांत पन्नास बाया म्हणतात आणि दुसरी ओळ प्रत्येकीची वेगळी होते. निवड करणारा संपादक यातल्या एकोणपन्नास गाळून टाकील. या संग्रहाने त्या ठेवल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या भरून घेतल्या गेल्या. विठ्ठलाच्या जागी भीमराव आला, पण जाते तेच, गळा तोच, चालही ओळखीची. हा बदल ऐकू येतो तो ओव्यांचे सगळे रूपभेद जपल्यामुळे. एखादी ‘सर्वोत्कृष्ट’ ओवी निवडून तो कधीच कळला नसता.

आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथेच आहे. अशा गाण्यात एक मोकळी जागा असते. भावाचे नाव, मुलीचे नाव, गावाचे नाव, दैवताचे नाव त्या जागी येऊन बसते. गाणे एका घरातून दुसऱ्या घरात जाते ते या मोकळ्या जागेमुळे. ध्वनिमुद्रण ती जागा एकाच नावाने कायमची भरून टाकते. लाख ओव्यांच्या संग्रहाने त्यावर शोधलेला उपाय साधा आहे: एका गाण्याची अनेक रूपे ठेवा, म्हणजे जागा मोकळी आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते.

याच्या उलट अवस्था आज बाजारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांची आहे. आधी कॅसेटी आल्या, मग सीडी, आणि आता मोबाइलवर कानबाईची, लग्नाची अहिराणी गाणी ढिगाने मिळतात. अहिराणीला त्यामुळे मान मिळाला, ‘गावंढळ’ म्हणून जिची टिंगल व्हायची ती बोली मांडवात वाजू लागली, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण स्टुडिओतल्या गाण्यात मोकळी जागा उरत नाही. एक बाई म्हणते आणि बाकीच्या झेलतात, तो झेलण्याचा भाग कीबोर्ड खाऊन टाकतो. मिरवणुकीत डीजे लागला की बाया नाचतात, गात नाहीत. गाणे वाचले असे आपण म्हणतो, तेव्हा गाणारी गप्प झाली आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

आमची गाणी कोणाच्या खात्यात?

राईरकर-पॉइटेवीन यांच्या कामाचा मुख्य भर पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशीवर आणि पुढे मराठवाड्यावर राहिला. खानदेशासाठी डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी कोश, डॉ. सुधीर देवरे यांचे ‘ढोल’ हे नियतकालिक आणि ‘अहिराणी लोकपरंपरा’ हा ग्रंथ, असे काम झाले आहे. अहिराणीला आपली माणसे मिळाली. पण खानदेशी मुसलमान बाईच्या गाण्याचे काय?

मराठीतल्या मुसलमान संतकवींकडे रा. चिं. ढेरे यांनी १९६७ साली ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकातून लक्ष वेधले. शेख महंमद यांच्यासारख्यांची वाणी पोथ्यांत होती म्हणून ती ढेऱ्यांना सापडली. दक्खिनी भाषेतल्या चक्कीनाम्यांबद्दल रिचर्ड ईटन या इतिहासकाराने १९७४ साली लिहिले. दळता दळता, सूत कातता कातता बायांनी म्हणावीत म्हणून सूफी परंपरेतल्या कवींनी ही गाणी रचली. जात्याच्या दांड्याला अलिफची उपमा द्यायची आणि दळणाऱ्या हातांना अल्लाहच्या नावाशी जोडायचे, अशी त्यांची रीत. महत्त्वाचे काम आहे. पण तेही हस्तलिखितांवरून झालेले काम आहे. पुरुषाने रचलेले शब्द उरले. बाईने ते कोणत्या चालीवर म्हटले, त्यात स्वतःचे काय घातले, ते पिठाबरोबर गेले.

उर्दूचे अदीब म्हणतात, ये कोई अदब है? ज़बान तो देखिए! मराठीचे अभ्यासक म्हणतात, हे तर उर्दू आहे, आमच्या कक्षेत येत नाही. आणि आपल्यातले काही दीनदार लोक म्हणतात, या सगळ्या गैरइस्लामी रस्मा आहेत, त्या गेल्या तर बरेच झाले. तिसऱ्या आक्षेपाला आम्ही हसण्यावारी नेणार नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती ज़ेवर’मध्ये लग्नातल्या रस्मांवर कठोर टीका केली, ती उधळपट्टी आणि दिखावा पाहून. कर्ज काढून रतजगा करणारी घरे आम्हीही पाहिली आहेत. परंतु एखादी रस्म पाळू नये असे म्हणणे वेगळे आणि ती होती हेच विसरावे असे म्हणणे वेगळे. गंमत अशी की, जाफर शरीफ यांच्या ‘क़ानून-ए-इस्लाम’चे १८३२ साली डॉ. हर्क्लॉट्स यांनी इंग्रजी भाषांतर केले, त्यातली दख्खनी मुसलमानांच्या हळदीची आणि रतजग्याची वर्णने वाचूनच आमच्यासारख्यांना आपल्या नानीच्या वागण्यामागची पद्धत कळते. नोंद ठेवणे म्हणजे फतवा देणे नव्हे.

थोडक्यात, आमच्या बायांचे गाणे ना घर का ना घाट का. मराठी मुसलमानांच्या साहित्य चळवळीचे पहिले अखिल भारतीय संमेलन १९९० साली सोलापुरात भरले. तेव्हापासून आपण मराठीवरचा आपला हक्क सांगत आलो, आणि ते बरोबरच होते. पण कथा, कविता, वैचारिक लेख यांच्या गर्दीत आपण आपल्या स्वयंपाकघरात कान दिला नाही. तिथे जी भाषा होती तिच्यात दक्खिनी होती, उर्दू होती, अहिराणी होती, मराठी होती. आपल्या दुहेरी वारशाचा याहून मोठा पुरावा दुसरा कोणता?

तीन कबुल्या

दुसऱ्यांवर बोट ठेवल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे.

पहिली कबुली कॅसेटची. १९९९ साली आमच्या आपाचे लग्न झाले. रतजग्याच्या रात्री मामूंनी टेपरेकॉर्डर कोपऱ्यात ठेवून साठ मिनिटांची कॅसेट भरली. नंतर तिच्या पाठीवरच्या दोन्ही कळ्या मोडून टाकल्या, म्हणजे चुकून कोणी वर दुसरे काही भरू नये. २००३ साली विश्वचषकाचा अंतिम सामना आला. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. रेडिओवरची कॉमेंट्री भरून ठेवायची होती आणि कोरी कॅसेट नव्हती. मोडलेल्या कळ्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली की जुनी कॅसेट पुन्हा भरता येते, ही विद्या आम्हाला अवगत होती. सामना आपण हरलो. नानी २००६ साली गेली. त्यानंतर एकदा अम्मीने ती कॅसेट लावायला सांगितली. तिला काय ऐकू आले असेल, ते येथे लिहिण्याची गरज नाही. ती आम्हाला काहीही बोलली नाही.

दुसरी कबुली लाल शाईची. बी.एड.ला असताना ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र आम्ही पाठ केले आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सातवीच्या वर्गाला ‘मेरी दादी’ या विषयावर निबंध दिला. एका मुलीने दादीच्या गाण्याच्या चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात ‘नक्को’ होते, ‘हौ’ होते, एक शब्द सरळ अहिराणी होता. आम्ही चारही ओळींवर लाल रेघ मारली आणि बाजूला शुद्ध उर्दूत लिहायची ताकीद दिली. पुढच्या निबंधात त्या मुलीने पाठ्यपुस्तकातली दादी लिहिली, आणि आम्ही तिला चांगले गुण दिले. धुळ्यातल्या एका घरातले गाणे वहीपर्यंत चालत आले होते. त्याला परत पाठवणारा हात आमचा होता.

तिसरी कबुली अलीकडची. सगळ्यांत धाकट्या खालाकडे आम्ही मोबाइल घेऊन गेलो. ती आता सत्तरीला आली आहे. तिने हळदीचे गाणे म्हटले, मुलीच्या पाठवणीचे म्हटले. मग आम्ही समधनला द्यायच्या गाल्यांचे गाणे मागितले. लग्नघरात हे गाणे सर्वांत रंगायचे. विहिणीचे नाव घेऊन तिच्या चालण्याची, खाण्याची, लोभीपणाची थट्टा करायची आणि तिनेही हसून ती ऐकून घ्यायची, असा रिवाज. खालाने मान हलवली.

“नक्को बेटा. वो गाना मैं नई देती.”

आम्हाला वाटले, पुरुषासमोर म्हणायला लाजते. आम्ही म्हटले, शब्द बदलून म्हणा, नाव गाळून म्हणा.

“नाम निकाला तो वो गाना किसका? और जिसका नाम लेके गाते थे, वो बिचारी मिट्टी में गई. उसके पीछे उसको गाली देऊँ, और तू हर किसीको सुनाता फिरेगा?”

लकोटांच्या जाणत्यांचे म्हणणे आम्ही पुस्तकात वाचले होते. ते कळले मात्र त्या दुपारी. गाली ही गाली नव्हती, कारण जिला द्यायची ती समोर बसून हसत होती. ती उठून गेल्यावर तेच शब्द निंदा होतात. जागा मोकळी असते तेव्हाही ती कोणासाठी मोकळी आहे, हे गाणारीला माहीत असते. यंत्राला ते माहीत नसते. खालाने नकार दिला तेव्हा ती गाणे लपवत नव्हती. गाण्याचा कायदा सांगत होती.

मग करायचे काय?

सगळेच नकार असे असतील असे नाही, आणि नकाराच्या आडोशाला आपला आळसही लपू नये. या बाया सत्तरीच्या, ऐंशीच्या आहेत. विजेच्या गिरणीने जाते केव्हाच थांबवले, मंगल कार्यालयांनी रतजगा तासाभराचा केला. वाट पाहायला वेळ नाही. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. डेन्समोरबाईंना नळ्यांची पेटी घेऊन हिंडावे लागले, आपल्याला तेवढेही कष्ट नाहीत. उणीव आहे ती ऐकण्याच्या शिस्तीची.

ही शिस्त आमच्या अल्प अनुभवातून अशी सुचते. गाणे भरण्याआधी गाणारीला विचारावे, की हे कोणाला ऐकवू आणि कोणाला नको. तिचे उत्तरही भरून घ्यावे. गाण्याबरोबर तिचे नाव तिच्या मर्जीने, गाव, विधी आणि दिवस लिहावा. एकीचे गाणे मिळाले म्हणून थांबू नये, तेच गाणे दुसऱ्या मोहल्ल्यात आणि शेजारच्या हिंदू घरातही विचारावे. शब्द जसे आले तसे ठेवावेत. भाषेची दुरुस्ती करायचा मोह आम्हा शिक्षक मंडळींना फार असतो, तो आवरावा. आणि भरून घेतलेल्याची एक प्रत त्याच घरात राहावी. उर्दू शाळांच्या वर्गांत अशा शेकडो घरांची मुले रोज समोर बसतात. हे काम शिक्षकाने करायचे नाही तर कोणी?

आमच्या वहीत आता खालाच्या नावाखाली तीन नोंदी आहेत. पहिली हळदीचे गाणे, भरले. दुसरी पाठवणीचे गाणे, भरले. तिसऱ्या नोंदीपुढे लिहिले आहे: समधनच्या गाल्या, गाणे येते, दिले नाही, कारण, जिचे नाव त्यात आहे ती हयात नाही. ही तिसरी नोंद पहिल्या दोन नोंदींइतकीच महत्त्वाची आहे असे आम्ही समजतो. पुढच्या लग्नात नवी समधन मांडवात बसेल, तेव्हा खालाने ते गाणे म्हटले तर आम्ही दाराबाहेर उभे राहून ऐकू. मोबाइल त्या वेळी खिशातच राहील.